सर्पगंधेची मुळी आणि आण्णांची मोट

गेल्या भाऊबीजेला मी माझ्या थोरल्या भावाला ओवाळले. तो ताटात पैसे टाकू लागला, तेव्हा त्याचा हात धरून मी म्हटले, "दादा, पैसे नकोत. मी मागेन ती ओवाळणी दे."

"माग की," तो हसत म्हणाला, "तेवढं शेत सोडून काही पण माग."

मी काय मागितले ते शेवटी सांगते. ते मागणे नीट समजायचे, तर आधी शिरूर अनंतपाळच्या आमच्या मळ्यातून निघून लंडन, मुंबई, बॉस्टन असा एक फेरा मारून यावे लागेल. फेरा लांबचा आहे, पण दिवाळीत फराळाला बसल्यावर लांबच्या गप्पा मारण्याची आपली रीतच आहे.

दादाने पंचाहत्तरी गाठत आणली आहे. धनत्रयोदशीला मी माहेरी पोचले, तेव्हा वहिनींनी चुलीपाशीच मला गाठून सांगितले की, यांनी रक्तदाबाची गोळी दोन महिन्यांपासून बंद केली आहे. मी विचारले, तर दादा उसळला. "मला काय धाड भरलीय? डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, रोज शेतापर्यंत पायी जातोय. ज्याला काही होत नाही त्यानं गोळ्या कशाला खायच्या, बाई?"

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. तरी त्या क्षणी मला पटकन उत्तर सुचले नाही. दादाचा प्रश्न अडाणी माणसाचा नव्हता. जगातल्या विद्वान वैद्यांनीही तो अनेक वर्षे विचारला होता, आणि त्याचे पक्के उत्तर मिळायला १९६७ साल उजाडावे लागले.

लहानपणी आमच्या विहिरीवर मोट होती. आण्णा, म्हणजे आमचे वडील, नाड्यावर बसून बैलांना धावेवरून खाली हाकीत. मोट वर आली की पाणी थारोळ्यात धो धो पडे आणि पाटाने वाहू लागे. दारं धरायचे काम माझ्याकडे असे. हातात खोरे घेऊन एका वाफ्याचे तोंड उघडायचे, तो भरला की मातीने बंद करायचे आणि पुढच्याचे उघडायचे. एकदा खेळण्याच्या नादात मी एकही दार उघडे ठेवले नाही. मोट चालूच होती. पाट फुगला आणि पाहता पाहता एका कमकुवत जागी फुटला. आण्णा रागावले नाहीत. फुटलेली जागा बुजवीत एवढेच म्हणाले, "पोरी, मोटेचं लक्ष बैलांकडं. पाटाकडं तूच बघायचं."

पुढे लातूरला कॉलेजात रक्ताभिसरणाचा धडा आला, तेव्हा मला आमचा मळाच आठवला. हृदय ही मोट. रोहिण्या हे पाट. मोठ्या रोहिण्यांना फुटत फुटत अगदी बारीक फाटे येतात. त्यांच्या भिंतींत स्नायूंची कडी असतात. ती आवळली की वाट अरुंद होते, सैलावली की रुंद होते. ही कडी म्हणजेच दारं धरणारी पोरे. पाटात पाण्याचा जोर किती राहील हे दोन गोष्टींवर ठरते. मोट किती पाणी ओतते, आणि दारे किती उघडी आहेत. रक्तदाब म्हणजे याहून वेगळे काही नाही.

एक फरक मात्र मोठा. मळ्यातले पाणी जमिनीत मुरते, विहिरीत परत येत नाही. शरीरातले रक्त फिरून हृदयात येते. हे इंग्रज वैद्य विल्यम हार्वे याने १६२८ साली ग्रंथ लिहून सिद्ध केले, तेही साध्या गुणाकाराने. एका ठोक्याला थोडेसेच रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासातल्या ठोक्यांनी त्याला गुणले की सबंध शरीरात असते त्याहून जास्त रक्त भरते. इतके रक्त रोज नवे कोठून तयार होणार? तेच रक्त फिरत असले पाहिजे. आज आपण जाणतो की स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते आणि दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते. रोहिण्यांतले रक्त नीलांत कसे जाते ते हार्वेला दिसले नव्हते. त्या केशवाहिन्या इटलीच्या माल्पीगी याने १६६१ साली सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुफ्फुसात पाहिल्या.

या व्यवस्थेवर पहारा कोणाचा? मानेतल्या रोहिणीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे भिंतीत मज्जातंतूंची बारीक टोके असतात. हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीतही ती असतात. रक्ताच्या जोराने भिंत ताणली की ती मेंदूला वर्दी देतात. मानेतल्या पहारेकऱ्यांचा छडा १९२० नंतरच्या दशकात हेरिंग या शास्त्रज्ञाने लावला. बेल्जमच्या हेमान्स याला त्याच क्षेत्रातल्या संशोधनाबद्दल १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सकाळी आपण अंथरुणातून उठतो, तेव्हा जवळजवळ अर्धा लिटर रक्त पायांकडे उतरते. मेंदूला रक्त कमी पडून आपण कोसळायला हवे. पण दोन-चार ठोक्यांतच वर्दी जाते, हृदय वेग वाढवते, दारे आवळतात, आणि आपण काही झालेच नाही अशा थाटात चहा मागतो. जेवण झाले की आतड्यांची दारे उघडतात, उन्हात कातडीची, चढावर पायांच्या स्नायूंची.

पहारेकऱ्यांचे काम क्षणाक्षणाचे. वर्षानुवर्षांचा हिशेब ठेवतात ती मूत्रपिंडे. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांत आमच्या भागात घरोघर जे चालले होते, तेच पाणी कमी पडले की मूत्रपिंडे करतात. थेंब वाया जाऊ देत नाहीत, मीठ धरून ठेवतात, कारण मिठाबरोबर पाणी राहते. शिवाय ती रक्तात एक द्रव्य सोडतात. त्याचा शोध १८९८ साली स्वीडनमध्ये लागला आणि त्याला रेनिन हे नाव मिळाले. त्याच्यापासून पुढे जे रसायन तयार होते ते दारे आवळते. दुष्काळात हे शहाणपणाचे. पण पाणी भरपूर आणि ताटात ठेचा, लोणचे, पापड, चिवडा सारे खारट, तरी मूत्रपिंडांनी दुष्काळाचाच हिशेब चालू ठेवला, तर पाट फुगणारच.

हा फुगवटा मोजायचा कसा? पहिला प्रयत्न केला तो स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने. त्याने एका घोडीच्या रोहिणीत पितळी नळी घातली आणि तिला काचेची उंच नळी जोडली. रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच चढले. हे त्याने १७३३ साली प्रसिद्ध केले. माणसावर असला प्रयोग कोण करू देणार? म्हणून पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ गेला. १८९६ साली इटलीच्या रिवा-रोत्ची याने दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा काढला. १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह या तरुण शल्यवैद्याने पट्ट्याखालच्या रोहिणीवर नळी लावून ऐकले. हवा सोडत गेले की एका क्षणी ठोके ऐकू येऊ लागतात, तो वरचा आकडा. ते थांबतात, तो खालचा. आपण १२० आणि ८० म्हणतो ते हेच, पाऱ्याच्या मिलीमीटरांत.

मोजता तर आले. पण मोजून करायचे काय? पुष्कळांच्या दाबाचे कारण सापडेना. अशा दाबाला वैद्यांनी जे नाव ठेवले, त्याचा एक अर्थ 'आवश्यक' असाही होतो. नावाने घोटाळा वाढवला. वय वाढले की रोहिण्या कडक होतात, त्यांतून रक्त नेण्यासाठी शरीरच मुद्दाम दाब वाढवते, मग तो उतरवणे म्हणजे शरीराच्या कामात ढवळाढवळ, असे मोठे मोठे तज्ज्ञ मानीत. अमेरिकेच्या एका नामवंत हृदयतज्ज्ञाच्या १९३१ च्या ग्रंथातही हाच इशारा होता. म्हणजे दादाचे मत थोरामोठ्यांच्या पंक्तीला बसणारे होते.

या मताची किंमत जगाने एका मोठ्या माणसाच्या रूपाने मोजली. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६ आणि १०८ होता. विश्रांती घ्या, मीठ कमी करा, सिगारेटी कमी करा, यापलीकडे डॉक्टरांपाशी फारसे काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी डोके भयंकर दुखते असे म्हणत ते कोसळले. त्या दिवशीचे आकडे ३०० आणि १९० होते. वय होते ६३. पृथ्वीवरच्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखालाही जे औषध मिळू शकले नाही, ते खरे म्हणजे आपल्या रानात उगवत होते.

सर्पगंधा हे हातभर उंचीचे, दाट पानांचे, पांढऱ्या-गुलाबी फुलांचे झुडूप. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत ते आढळते. त्याची वाकडीतिकडी कडू मुळी साप चावल्यावर आणि वेड लागल्यावर देत. बिहारकडे तिला 'पागल की दवा' असेच म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की, ही मुळी वेडावर तर चालतेच, पण वाढलेला रक्तदाबही उतरवते. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातली काही द्रव्ये वेगळी केली. पण हे सारे हिंदुस्थानातल्या नियतकालिकांत छापले गेले आणि बाहेरच्या जगाने तिकडे ढुंकूनही पाहिले नाही.

ते पाहायला लावले मुंबईच्या एका पारशी डॉक्टरने. रुस्तुम जाल वकील यांचा जन्म १९११ चा. विलायतेत शिकून ते मुंबईला परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात मानद वैद्य म्हणून काम करू लागले. मुळी त्यांनी शोधली नाही आणि तिचा गुणही प्रथम त्यांनी ओळखला नाही. त्यांनी केले ते वेगळे आणि माझ्या मते अधिक अवघड. त्यांनी मोजले. ५० रुग्ण निवडले, औषधाआधी त्यांचे दाब नोंदले, आठवड्यामागून आठवडे पुन्हा पुन्हा नोंदले, आणि आकडे मांडून दाखवले. हा लेख १९४९ साली ब्रिटनच्या हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात आला. 'अमक्याला गुण आला' आणि 'इतक्यांपैकी इतक्यांचा दाब इतका उतरला', या दोन वाक्यांत जो फरक आहे तो वैद्यकाच्या इतिहासातला फार मोठा फरक आहे.

त्या लेखाने दारे उघडली. बॉस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळी आपल्या रुग्णांवर वापरून पाहिली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे करून त्याला रेसर्पिन हे नाव दिले. मेंदूचा हुकूम दारांपर्यंत नेणारे रसायन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेले असते. रेसर्पिन तो साठाच रिता करते. हुकूम पोचत नाही, कडी सैलावतात, पाटाचा जोर उतरतो. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९५८ साली पद्मभूषण. १९७४ साली ते वारले.

या औषधाला खोटही होती. तोच साठा मेंदूतही रिता होई, आणि मोठ्या मात्रेने काही रुग्णांच्या मनावर खिन्नतेचे मळभ येई. म्हणून चांगली औषधे निघाली तसे रेसर्पिन मागे पडले. त्यांतले एक तर खरोखरच सापापासून निघाले. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषात मूत्रपिंडांच्या त्या दारे आवळणाऱ्या रसायनाला अटकाव करणारे द्रव्य सापडले. त्याच्या धाग्याने बनवलेले कॅप्टोप्रिल १९८१ साली अमेरिकेत मंजूर झाले. सर्पगंधा मात्र मुळीसाठी उपटून उपटून रानातून इतकी कमी झाली की, आज ती आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींत गणली जाते. कोणी वाचकाने ही मुळी आणून उगाळू नये हे वेगळे सांगायला नकोच.

आता दादाच्या प्रश्नाकडे येते. दाब इतका चढतो, तर शरीर ओरडत का नाही? मानेतले पहारेकरी झोपतात काय? याचे उत्तर अमेरिकेत क्लीव्हलंड येथे १९५६ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांत मिळाले. पहारेकरी झोपत नाहीत. दाब बरेच दिवस वर राहिला की ते त्यालाच योग्य पातळी समजू लागतात, आणि पूर्वी १२० राखत होते तसे इमानाने १७० राखू लागतात. शरीराचा हा गुणच इथे घात करतो. ते चुकीचे मापही तितक्याच निष्ठेने सांभाळते. मग तक्रार कोण करणार? बरे वाटणे हा दाब बरा असल्याचा पुरावा नव्हे.

आणि तक्रार नसलेल्याला औषध देऊन फायदा काय, याचाही हिशेब झाला. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी १४३ पुरुष निवडले. त्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता. निम्म्यांना खरी औषधे, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. खऱ्या औषधांत रेसर्पिन होते, म्हणजे आपली सर्पगंधाच. पोकळ गोळ्यांच्या गटात २७ जणांवर पक्षाघात, हृदय खचणे अशी मोठी संकटे आली आणि ४ जण दगावले. औषधाच्या गटात संकटे आली ती २ जणांवर. मृत्यू एकही नाही. डिसेंबर १९६७ मध्ये हे आकडे छापले गेले आणि 'आवश्यक' दाबाचा वाद संपला.

त्यानंतर पाच महिन्यांनी, १९६८ च्या वैशाखात, आमचे आण्णा पडले.

सकाळी मोट धरून आले होते. भाकरी खाताना हातातला तुकडा गळाला. उजवा हात उचलेना, तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. शेजारी म्हणाले, वारं गेलं. आई म्हणाली, कुणाची तरी नजर लागली माझ्या घराला. दादाने बैलगाडी जुंपली. मोठ्या गावच्या डॉक्टरांनी आण्णांच्या दंडाला पट्टा बांधला. तो पहिला आणि शेवटचा. दाब फार चढला आहे, मेंदूत रक्त फुटले असावे, असे ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी आण्णा गेले. पाटाकडे बघायचे मला सांगणाऱ्या माणसाचा पाट फुगलेला होता, आणि ते आमच्यापैकी कोणालाच दिसले नाही. त्यांना कधी काही होत नव्हते. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, रोज शेतात जात होते.

वर्षांची सांगड घातली की मन कडू होते. डॉ. वकील यांचा लेख १९४९ चा. त्याच्या आदल्या वर्षी, १७ सप्टेंबर १९४८ ला, आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातून मोकळा झाला होता. १९६० साली मुंबई आणि शिरूर एकाच महाराष्ट्रात आले. मुंबईहून बॉस्टनला विद्या जायला दोन-तीन वर्षे पुरली. मुंबईहून आमच्या घरापर्यंत ती एकोणीस वर्षांत आली नाही. यात मी कोणाला दोष देत नाही. औषधाच्या आधी मोजणे यावे लागते, आणि निरोग्या माणसाला मोजायचे असते हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

आज ती सबब उरलेली नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांचा दाब वाढलेला आढळला. जगात अशी माणसे शंभर कोटींहून अधिक आहेत, आणि जवळजवळ निम्म्यांना आपल्या दाबाची खबर नाही. आता पट्टा प्राथमिक आरोग्य केंद्रात बांधतात, गोळ्या स्वस्त आहेत, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळी वाढवायची, बदलायची की थांबवायची ते डॉक्टरांनी ठरवायचे. बरे वाटते म्हणून आपणच ठरवायचे नाही.

तर भाऊबीजेला मी दादाकडे ओवाळणी मागितली ती त्याच्या दंडाची. माझ्या पिशवीत दाब मोजायचे यंत्र होते. त्याला पाच मिनिटे स्वस्थ बसवले आणि पट्टा बांधला. १७८ आणि १०२.

"यंत्र बिघडलंय तुझं," तो म्हणाला.

थोड्या वेळाने पुन्हा मोजले. १७४ आणि १००. मग तो बराच वेळ काही बोलला नाही. पणत्या लावायची वेळ झाली तेव्हा त्याने विचारले, "आण्णांचा किती होता गं?"

"डॉक्टरांनी मोजला होता, दादा. आकडा आपण विचारलाच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वहिनींना घेऊन आपल्या पायांनी डॉक्टरांकडे गेला. आता दर रविवारी त्याचा फोन येतो. पूर्वी तो आधी पावसाचे सांगे, घरणीला पाणी किती आले, सोयाबीन कशी आहे ते सांगे. आता आधी दोन आकडे सांगतो, मग पाऊस. गेल्या रविवारचे आकडे १३४ आणि ८२ होते.